इमामाच्या मागची जागा

चूक काढणं हे माझं पोटापाण्याचं काम. न्हावा शेवाला क्लिअरिंगच्या लाईनीत माझी बावीस वर्षं गेली. परदेशातून माल येतो, त्याचे कागद येतात. कागदावर लिहिलंय तेच कंटेनरमध्ये आहे का, हे कस्टमवाल्याने विचारायच्या आधी आपण बघायचं. वजनात दोन किलोंचा फरक असला तरी तो माझ्या नजरेतून सुटत नाही. ऑफिसातले लोक वैतागतात, म्हणतात, या माणसाच्या हातात कागद देऊ नका, हा टेन्शन देतो. आणि हाच मी. धर्माच्या कामात माझ्याकडे एकच जबाबदारी होती, एका म्हाताऱ्या माणसाची चूक त्याला सांगायची. तेवढं मला झालं नाही. हे लिहून त्यात काही सुधारणार नाही, ठाऊक आहे मला. तरी लिहितोय.

द्रोणागिरीला गोदामांच्या मागे आमची मशीद आहे. मशीद म्हणजे काय, पत्र्याची लांब शेड, पुढे पेव्हर ब्लॉकचं अंगण, एका कडेला वजू करायला, म्हणजे नमाजेआधी हातपाय-तोंड धुवायला, नळांची ओळ आणि दुसऱ्या कडेला इमामाची खोली. तिन्ही बाजूंना ट्रेलर उभे. नमाजेला येणारे निम्मे ट्रक ड्रायव्हर, ते आज इथे तर परवा कुठे तरी हायवेवर. उरलेले आम्ही, सेक्टरमधल्या बिल्डिंगींत राहणारे, बरेचसे कोकणी मुसलमान, घरात मराठीच बोलणारे. इमामसाहेबही आमच्यातलेच, रायगडातल्या एका खाडीकाठच्या गावचे. सत्तरी ओलांडलेली, उंच, पाठीला थोडा बाक. बायको वारली तेव्हापासून एकटेच त्या खोलीत राहायचे. मुलगा तळवलीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये, तो सारखा चला म्हणायचा आणि हे जायचे नाहीत. मला ते ‘बाबा’ म्हणायचे, लाडक्या पोराला म्हणतात तसं. माझा बाप लवकर गेला. त्यामुळे कुणी बाबा म्हटलं की मी लगेच विरघळतो.

आमच्यात इमामाच्या बरोबर मागे, पहिल्या ओळीत, मधोमध कोण उभं राहतं याला महत्त्व असतं. तिथे जाणत्या माणसाने उभं राहायचं. इमाम नमाजेत चुकला, म्हणजे बसायचं तिथे उठला किंवा उठायचं तिथे बसला, तर मागच्याने मोठ्याने ‘सुब्हानल्लाह’ म्हणायचं. पठणात अडकला तर पुढचे शब्द सांगायचे. आणि इमामाने ते ऐकायचं, मग तो कितीही मोठा आलिम, विद्वान का असेना. मी लहानपणी निम्मं कुराण पाठ केलं होतं, पुढे नोकरीत ते सुटलं, पण उरलंसुरलं इमामसाहेबांनी माझ्याकडून घोटून घेतलं. म्हणून त्यांनी मला ती जागा दिली. सांगितलं होतं, “माजा वय झाला. आता मी चुकनार. मी चुकलो का तू सांगायचा. ज्या दिवशी तू सांगशील का साहेब, आता पुरे, त्या दिवशी मी उतरनार. दुसऱ्या कोनाचा मी ऐकनार नाय.” मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी हुशार आहे.

जुम्याला, म्हणजे शुक्रवारी दुपारी, अरबी खुतब्याच्या, म्हणजे प्रवचनाच्या, आधी ते अर्धा तास मराठीतून बोलायचे. त्यांचा लाडका विषय एकच, खिलाफत. पैगंबरसाहेब गेल्यावर लोकांचा पुढारी कोण, तो कसा निवडायचा, त्याचं ऐकायचं कुठपर्यंत. ड्रायव्हर लोक डुलक्या घ्यायचे आणि मी मात्र एकेक शब्द पिऊन घ्यायचो. ते म्हणायचे, बघा, आपल्या धर्माने नखं कशी कापायची ते सांगितलंय, पाणी किती घोटांत प्यायचं ते सांगितलंय, आणि पुढारी कसा निवडायचा ते मात्र सांगितलं नाही. पहिले चार खलिफा चार तऱ्हांनी झाले. एकाला जमलेल्या लोकांनी हातात हात देऊन मानलं, दुसऱ्याला आधीच्याने नेमलं, तिसऱ्याला सहा जणांनी बसून निवडलं, चौथ्याच्या दारात लोक येऊन उभे राहिले. मग खरी तऱ्हा कोणती? यावर भांडणं झाली, फळ्या पडल्या, माणसं मेली. कोणी म्हणालं पैगंबरांच्या घराण्यातलाच हवा, कोणी म्हणालं गुलाम असला तरी चालेल, नेक असावा. इमामसाहेब म्हणायचे, अल्लाने ते मोकळं सोडलं, कारण ते तुमचं काम आहे. तुम्हाला आयतं हवंय, म्हणून तुम्ही अजून वाट बघताय.

आणखी एक गोष्ट ते नेहमी सांगायचे. किताबांत नमाज पढवण्याला धाकटी इमामत म्हणतात आणि खिलाफतीला थोरली. थोरली कशी असावी हे समजायचं असेल तर धाकटी बघा. पुढे एक जण उभा, त्याची पाठ आपल्याकडे, त्याला आपण दिसत नाही. तो सगळ्यांत चांगला असतो असं नाही. पहिले खलिफा स्वतःच म्हणाले होते की मी तुमच्यात सर्वांत चांगला नाही, बरोबर वागलो तर साथ द्या आणि चुकलो तर सरळ करा. हे सगळ्यांना पाठ असतं, पोरासोरांनाही. पण इमामसाहेब विचारायचे, सरळ करायला उठला कोण ते कुणी लक्षात ठेवतं का? दुसऱ्या खलिफांना भरसभेत एका बाईने टोकलं आणि ते म्हणाले, बाई बरोबर आहे, मी चुकलो. त्या बाईचं नाव कुणी धड सांगत नाही. ते म्हणायचे, खिलाफत खलिफामुळे चालली नाही, त्या बाईमुळे चालली. आणि अशा बाया आणि असे बाप्ये संपले त्या दिवशी ती संपली, पुढची हजार वर्षं नुसती गादी होती.

त्यांच्या वडिलांची आठवण ते हसत सांगायचे. शंभर वर्षांपूर्वी तुर्कांनी खिलाफत मोडीत काढली तेव्हा यांच्या गावात लोक रडले होते म्हणे. ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही अशा खलिफासाठी चूल पेटली नाही. आणि त्याच गावात विहिरीवरून दोन मोहल्ल्यांचं भांडण वीस वर्षं चालू होतं, ते मिटवायला एक माणूस पुढे येत नव्हता. हे सांगून ते हसायचे, मीही हसायचो. आता त्यातलं काहीच मला हसण्यासारखं वाटत नाही.

मी जमातीचा, म्हणजे मशिदीच्या कमिटीचा, अध्यक्ष कसा झालो तेही सांगायला हवं. आधीचे अध्यक्ष पुण्याला लेकीकडे राहायला गेले, म्हणून एका रविवारी अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजेनंतर मीटिंग भरली. आमच्यात एक रीत आहे. जो पद मागतो त्याला पद द्यायचं नाही, ही पैगंबरांची शिकवण आहे असं सगळे मानतात आणि आहेही. पण तिचं आम्ही काय करून ठेवलंय! मीटिंगला सगळे पाय आखडून बसतात आणि प्रत्येक जण म्हणतो, मला नको, मी लायक नाही. जो सगळ्यांत जास्त वेळा नको म्हणतो त्याच्या गळ्यात माळ पडते. त्या दिवशी एक जण मात्र उभा राहिला. गोदामांना लेबर पुरवणारा कॉन्ट्रॅक्टर, आवाज मोठा, बोटांत दोन अंगठ्या. तो सरळ म्हणाला, मला द्या, नळ गळतायत, पत्रा उडालाय, इमामसाहेबांच्या खोलीत ओल आहे, मी महिन्यात करून देतो. शेडमध्ये असं काही वातावरण झालं की जणू तो काही तरी घाणेरडं बोलला. लोकांनी एकमेकांकडे बघितलं. याला हाव आहे, हे ठरून गेलं.

मग माझं नाव निघालं. मी म्हटलं, नको. लोक परत म्हणाले, मी परत नको. तिसऱ्यांदा मी डोळे खाली घालून हात जोडल्यासारखे केले आणि काम फत्ते झालं. इमामसाहेब कोपऱ्यात बसून हळूच म्हणाले होते की एका पैगंबराने राजाकडे स्वतःहून धान्याची कोठारं मागून घेतली होती, कारण दुष्काळ समोर होता आणि ते काम जमणारा दुसरा कोणी नव्हता. मागणं नेहमी वाईट नसतं. ते कुणाच्या कानावर गेलं नाही. मी ऐकलं होतं. पण मला, खोटं कशाला बोलू, गुदगुल्या होत होत्या. मला पद नको होतं हे खरं. पण मला पद नको आहे असं लोकांना दिसावं, हे मला फार हवं होतं. नळ पुढची दोन वर्षं गळतच राहिले.

अध्यक्ष म्हणून मी केलेलं एकमेव मोठं काम म्हणजे इमामसाहेबांचं बोलणं बंद केलं. झालं असं की कुणी तरी त्यांच्या जुम्याच्या बोलण्याचा दीड मिनिटाचा व्हिडिओ काढला आणि तो फिरत फिरत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. त्यात ते त्या बाईचीच गोष्ट सांगत होते, पण ‘खलिफा’ हा शब्द चारदा आला होता. मधल्या काळात वाळवंटातल्या कुठल्या तरी बंदूकवाल्यांनी आपला एक खलिफा जाहीर केला होता आणि गळे चिरून तो शब्द रक्तात बुडवून ठेवला होता. ते प्रकरण मागे पडलं, पण शब्द धुतला गेला नाही. ग्रुपवर कुणी वाईट बोललं नाही. एकाने फक्त विचारलं, हे आपल्या इथलंच आहे का? दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझा पंधरा वर्षांचा सोबती, ज्याच्या घरी गणपतीला मी दरवर्षी जातो, त्याने चहा पिता पिता विचारलं, “तुमच्यात हे खलिफा वगैरे अजून चालतं का रे?” तो सहज विचारत होता. मी त्याला समजावून सांगू शकलो असतो. इमामसाहेबांकडून मी इतकं ऐकलं होतं की तासभर बोललो असतो. मी म्हटलं, नाही रे, जुन्या लोकांची बडबड. आणि चहा संपवला.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत गेलो आणि सांगितलं की साहेब, पुढच्या जुम्यापासून तो विषय नको. सफाई, आईबापांची सेवा, शेजारधर्म, असलं काही बोला. त्यांनी एवढंच विचारलं, की अध्यक्ष म्हणून सांगतोस का भीती वाटते म्हणून सांगतोस. भीती वाटते म्हणालो असतो तर ते माझ्याशी भांडले असते, समजूत घातली असती, कदाचित त्या सोबत्याला चहाला बोलावून घ्या म्हणाले असते. मी म्हटलं, अध्यक्ष म्हणून. ते म्हणाले, मग ठीक. पुढाऱ्याने गुनाह करायला सांगितलं नाही तोवर त्याचं ऐकायचं असतं, हेही त्यांनीच शिकवलं होतं. पुढच्या शुक्रवारी ते पाणी वाया घालवू नका यावर बोलले. मागे नळ गळत होते.

त्यानंतर ते खचले, असं मला वाटतं. डॉक्टर म्हणेल वय झालं, विसरण्याचा आजार आहे, बोलणं बंद केल्याने असं होत नसतं. असेल. पण चाळीस वर्षं माणूस आठवडाभर एका विषयाची तयारी करत होता, जुनी पुस्तकं काढत होता, कागदावर मुद्दे लिहीत होता, आणि ते सगळं मी एका संध्याकाळी काढून घेतलं. पुढे ते माझ्या मुलीला माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारायला लागले. एकदा वजू करून आले आणि परत वजूला बसले.

मग ती अस्रची नमाज आली. अस्रला चार रकाती असतात. रकात म्हणजे उभं राहणं, वाकणं, माथा टेकणं, असा एक फेरा. आम्ही चौदा-पंधरा जण होतो. चौथी झाली, आता बसायचं, आणि इमामसाहेब उठून उभे राहिले. पाचवीला. माझ्या जिभेवर शब्द होता. सुब्हानल्लाह, एवढंच म्हणायचं होतं, शेंबड्या पोरालाही येतं. पण माझ्या मनात आलं, आज बोललो तर सगळ्यांना कळेल. आज नुसतं मोजायला चुकलेत, उद्या लोक बोट दाखवतील, परवा मुलगा येऊन घेऊन जाईल, ही खोली जाईल, मग या माणसाकडे उरलं काय? हे सगळं त्या एका क्षणात मनात आलं आणि मी उठून त्यांच्या मागे उभा राहिलो. मी उठलो म्हणून माझ्या बाजूचा उठला. तो उठला म्हणून सगळी ओळ उठली. चौदा माणसांना माहीत होतं की ही पाचवी आहे, आणि चौदाही जण ती पढले.

शेवटचा सलाम होऊन नमाज संपल्यावर लोक चपला शोधत निघून गेले. कुणी अवाक्षर काढलं नाही. इमामसाहेब आमच्याकडे तोंड करून बसले होते, त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी मला जवळ बोलावलं.

“बाबा, चार झाल्या का पाच?”

“चारच झाल्या, साहेब.”

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. म्हणाले, मला उगाच शंका आली, पण तू मागे होतास, चूक झाली असती तर बोलला असतास. मी त्यांचा हात धरून त्यांना खोलीपर्यंत सोडलं. मला स्वतःचं कौतुकही वाटलं, हे लिहायला लाज वाटते. वाटलं, म्हाताऱ्याची इज्जत राखली. ऑफिसात दोन किलोंसाठी मी माणसं फैलावर घेतो आणि तिथे एक अख्खी रकात मी तोंडात मिठाची गुळणी धरून पचवली.

पुढे ते वाढतच गेलं. कधी तीन, कधी पाच. मी गप्प राहायचो म्हणून बाकीचेही गप्प. लोकांनी घरी जाऊन गुपचूप नमाज परत पढायला सुरुवात केली. काही जण उरणच्या बाजूला दुसऱ्या मशिदीत जाऊ लागले. माझ्या बायकोने मला स्पष्ट सांगितलं, “तुम्ही त्यांच्यावर उपकार करत नाही, त्यांना फसवताय.” मी तिला म्हटलं, तुला कळत नाही, अदब म्हणून काही चीज असते. तिने परत विषय काढला नाही. तिला दोनच वाक्यांत जे कळलं होतं ते इमामसाहेबांनी मला कित्येक शुक्रवार ओरडून सांगितलं होतं, आणि मी ते फक्त ऐकायला छान वाटतं म्हणून ऐकलं होतं.

शेवटचा दिवस जुम्याचा. शेड भरली होती, अंगणही भरलं होतं, अडीच-तीनशे माणूस असेल. जुम्याचं पठण मोठ्याने असतं. इमामसाहेबांनी फातिहा सुरू केली. फातिहा म्हणजे कुराणाचं पहिलं पान, सात ओळी, दिवसातून सतरा वेळा प्रत्येक जण म्हणतो. तिसऱ्या ओळीनंतर ते थांबले. परत पहिल्यापासून सुरू केलं, परत तिथेच थांबले. तिसऱ्यांदा तिसरी ओळसुद्धा आली नाही. शेडमध्ये पंख्यांचा आवाज येत होता. अडीचशे माणसांना पुढचे शब्द पाठ होते आणि अडीचशे माणसं मी सांगेन म्हणून थांबली होती. मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. आला नाही म्हणजे मी काढला नाही. उगाच गळ्यावर कशाला ढकलू. मी इतके महिने गप्प राहिलो होतो की आता बोलणं म्हणजे त्या सगळ्या गप्प राहण्याचा कबुलीजबाब झाला असता.

मग त्यांनी ते केलं जे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. नमाज चालू असताना इमामाला पुढे नेता आलं नाही, तर त्याने नमाज मोडायची नाही. एक पाऊल मागे यायचं, मागच्याला धरून आपल्या जागी पुढे करायचं. जो पुढे जातो त्याला किताबांत खलिफाच म्हणतात. त्या एका नमाजेपुरता खलिफा. इमामसाहेबांना फातिहा आठवत नव्हती, पण हे आठवलं. ते मागे सरकले, तोंड तसंच किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला, ठेवून त्यांनी उजवा हात मागे केला आणि चाचपडत माझी बाही धरली. ओढली. मला अजून ते ओढणं जाणवतं, जोर फार नव्हता.

आणि मी मागे सरलो. त्यांच्या बोटांतून माझी बाही सुटली. त्यांचा हात तसाच हवेत राहिला, बोटं उघडी. इमामाची जागा रिकामी आणि तिच्यासमोर भिंत. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग दुसऱ्या ओळीतून तो लेबरवाला कॉन्ट्रॅक्टर मला खांद्याने बाजूला करून पुढे गेला. त्याचं अरबी गावठी, उच्चार निम्मे चुकीचे. पण त्याने चौथी ओळ उचलली, पाचवी म्हटली, सातवीपर्यंत नेली, आणि अडीचशे माणसांनी आमीन म्हटलं. त्याने अडीचशे माणसांची नमाज वाचवली. मी काय पढलो मला आठवत नाही.

नमाजेनंतर लोक माझ्याकडे आले. मला वाटलं, आता तोंडात शेण घालतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. एक वयस्क गृहस्थ माझा हात हातात घेऊन म्हणाले की अध्यक्ष असून तुम्ही पुढे गेला नाहीत, एवढी नम्रता आजकाल बघायला मिळत नाही. बाजूचे दोघे माना हलवत होते. आणि कॉन्ट्रॅक्टरबद्दल कुजबुज चालू होती, बघा, मिळाला चान्स, घुसला. मी तिथे उभा राहून हे ऐकून घेतलं. तेव्हाही मी बोललो नाही.

त्यांचा मुलगा दोन दिवसांत आला आणि त्यांना तळवलीला घेऊन गेला. पुस्तकांचे तीन खोके झाले. खोलीतून निघताना त्यांनी दाराशी थांबून फक्त विचारलं की आज जुम्याला बोलायचंय का. त्या दिवशी रविवार होता. आता तिथे पगारी इमाम आहे, तरुण आहे, आवाज गोड आहे, नमाज घड्याळासारखी वेळेत होते. चुकत नाही तो. इमामाच्या मागच्या माझ्या जागेवर मी आता उभा राहत नाही, कडेला खांबाजवळ उभा राहतो. लोकांना तीही नम्रताच वाटते. अध्यक्षपद सोडतो म्हणालो तर अजून एक टर्म देऊन टाकली.

खिलाफतीवर जगात मोठमोठी पुस्तकं आहेत. ती का बुडाली याची कारणं विद्वान सांगतात, मंगोल आले, इंग्रज आले, आपसात फूट पडली. मला त्यातलं काही तपासता येत नाही. मला एवढंच माहीत आहे की दीडशे चौरस मीटरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती कशी बुडते. तिथे कुणी वाईट नव्हतं. सगळे अदबीने वागत होते.

मी महिन्या-दोन महिन्यांनी तळवलीला जातो. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, हॉलमध्ये खिडकीशी त्यांची खुर्ची, खाली ठाणे-बेलापूर रोडची गाड्यांची घरघर. सून चहा आणून देते. त्यांना मी कधी बाबा वाटतो, कधी गावचा कुणी. पण पहिल्या चार खलिफांचं विचारलं तर सगळं क्रमाने सांगतात, कोण कुठे उभा राहिला, कोण काय म्हणाला, एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्या बाईची गोष्ट तर दर खेपेला.

गेल्या खेपेला मी ठरवूनच गेलो होतो. म्हटलं, या माणसाला एकदा तरी खरं सांगायचं, मग तो मला दारातून हाकलून देवो. त्यांची खुर्ची माझ्याकडे वळवली, त्यांचे दोन्ही हात धरले आणि सगळं सांगितलं. साहेब, त्या अस्रला पाच झाल्या होत्या. मी मोजल्या होत्या. तुम्ही विचारलंत तेव्हा मी चार म्हणालो, खोटं बोललो. पुढेही किती तरी वेळा तुम्ही चुकलात आणि मी गप्प बसलो. जुम्याला तुम्ही माझी बाही ओढलीत आणि मी मागे सरलो. बोलता बोलता मी रडायला लागलो होतो. सून आतून डोकावून गेली.

त्यांनी एक हात सोडवून घेतला आणि माझ्या गालावर ठेवला, जसा लहान पोराच्या ठेवतात.

“असा कवा झाला नाय, बाबा,” ते म्हणाले. “मी चुकलो असतो त तू सांगितला असता. तू माज्या मागंच उभा व्हतास ना.”

मी परत सांगितलं. ते परत तेच म्हणाले. तिसऱ्यांदा सांगायला लागलो तेव्हा ते सुनेकडे वळले आणि अभिमानाने तिला सांगू लागले की हा माणूस मागे होता म्हणून मी कधी घाबरलो नाही.